नाकापेक्षा मोती जड

सकाळी ५.४५

पहिली पाळी सातला लागायची. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं डाय-फिटर होतो. ती पाळी सुटून चार वर्षं झाली, तरी डोळे त्याच वेळेला उघडतात. आता माझा कारखाना म्हणजे निगडीतल्या घराची ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनला खेटून अडीच फुटांचं टेबल, त्यावर छोटा व्हाइस, व्हर्निअर, कानशींचा डबा, सोल्डरिंग आयर्न. आणि कायम दोन-चार गाड्या, कुणाचं चाक निखळलेलं, कुणाचं बोनेट उघडं.

या गाड्या रिमोटवर चालतात, पण पळत नाहीत, रांगतात. त्यांचं नावच क्रॉलर. खऱ्या जीपच्या एक दशांश माप, चारही चाकांना ओढ, आणि काम एकच: दगडावर चढणं. हौशी लोक त्या विकत घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात बदल करायला लागतात. त्या बदलांवर माझी निवृत्ती चालली आहे.

आजची गाडी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलाची. ॲक्सिअल कंपनीची एससीएक्स१०-टू, वर जीप चेरोकीची बॉडी. हे मॉडेल २०१६ साली आलं. सोबत चिठ्ठी: ‘काका, चढावर मागे उलटते. चाकं अडकली की एकदम बंद पडते. पॉवर कमी आहे, मोठी मोटर टाका.’ पहिल्या दोन वाक्यांखाली मी पेन्सिलने रेघ मारली. तिसरं सोडून दिलं. दुखतं कुठे ते गिऱ्हाइकाने सांगावं, औषध आपण ठरवावं.

६.३०

चहा टाकायच्या आधी बॅटरी चार्जिंगला. तीन सेलची लिथियम पॉलिमर, २२०० एमएएचची. तिला २.२ अँपिअरनेच चार्ज करतो, म्हणजे साधारण तासाभराचं काम. घाईने जास्त करंट द्यायचा नाही. एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, तिन्ही मिळून १२.६. चार्जिंग चालू असताना बॅटरी मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवतो आणि मी घर सोडून जात नाही. या बॅटऱ्या फुगतात, क्वचित पेटतात. मुलाने तीन बॅटऱ्या पाठवल्या होत्या. एकीचं पोट पापडासारखं फुगलेलं. ती बाजूला काढून वर लाल चिकटपट्टी लावली.

७.४५

आता वजन. स्वयंपाकघरातला काटा आणि मी त्याला जोडीला आणलेला दुसरा, असे दोन इलेक्ट्रॉनिक काटे शेजारी ठेवायचे. पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर. गाडी सपाट राहायला हवी, नाहीतर मापात पाप.

पुढे १४९० ग्रॅम. मागे १७५०. एकूण ३२४० पैकी पुढच्या चाकांवर जेमतेम ४६ टक्के. चढाला लागलं की वजन आपोआप मागे सरकतं. इथे ते आधीच मागे बसलेलं.

कारण डोळ्यांसमोर होतं. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर एलईडी दिव्यांची पट्टी, दोन जेरीकॅन, एक फावडं. मागच्या दाराला स्टेपनी. गाडी देखणी दिसत होती, नाही असं नाही. काटा मागायला आलेल्या सौ.ने चष्मा वर करून पाहिलं.

“अहो, हिचं विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर!”

“पाठीवर असतं तर चाललं असतं,” मी म्हटलं. “हे डोक्यावर आहे.”

मग फळीची परीक्षा. प्लायवूडची फळी, तिच्यावर गाडी तोंड वर करून उभी, मागच्या चाकांमागे पातळ पट्टी ठोकलेली, फळीला मोबाइल टेकवून त्यातला कोनमापक चालू. एका हाताने फळी उचलत जायची, दुसरा हात गाडीमागे. ४८ अंशांवर पुढची चाकं उचलली गेली आणि गाडी माझ्या तळव्यात पडली. तीनदा केलं, तिन्ही वेळा अंशभर इकडेतिकडे. वहीत लिहिलं: ‘आधी – ४८’.

९.००

खोलायला सुरुवात. स्क्रू ठेवायला जुनं इडलीपात्र: एका खळग्यात टपाचे, दुसऱ्यात चाकांचे, तिसऱ्यात स्टिअरिंगचे. टूलरूममध्ये नव्या पोराला पहिलं हेच शिकवायचो की खोलताना जो गोंधळ घालशील तो जोडताना दुप्पट होऊन परत येईल.

कॅरिअर सगळ्या लवाजम्यासकट २६५ ग्रॅम भरलं. स्टेपनी १६५. स्टेपनी मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते, त्यामुळे तिचा त्रास वजनापेक्षा जास्त. तरफेच्या हिशेबाने ती मागच्या चाकांवर सुमारे २०७ ग्रॅमचा भार टाकत होती आणि पुढच्यांवरचे ४२ ग्रॅम उचलत होती. लहानपणी सी-सॉवर टोकाला बसलेला किरकोळ मुलगाही आपल्याला हवेत ठेवायचा, तसंच.

बॅटरी मागच्या ट्रेमधून काढून पुढे, मोटरच्या वर घेतली. दोन ब्रॅकेट वाकवावी लागली, बाकी काही नाही. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट, एक थेंब. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाही, कारण त्याने प्लास्टिक ठिसूळ होतं. या मुलाने उत्साहात सगळीकडे लावलं होतं. दोन जागी प्लास्टिकला केसासारखे तडे दिसले.

मोटरला मी हात लावला नाही. ती ३५ टर्नची आहे, म्हणजे आतल्या तारेचे वेढे जास्त. वेढे जितके जास्त तितकी मोटर सावकाश फिरते आणि बोटाच्या इशाऱ्याला नीट ऐकते. शर्यतीच्या गाडीला कमी वेढ्यांची मोटर लागते. दगडावर वेगाचं काय लोणचं घालायचं? फक्त पिनिअन आणि मोठ्या गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दातांमधली फट पुन्हा बसवली. पट्टी चुरगळून बाहेर आली पण फाटली नाही, की फट बरोबर.

११.००

भोसरी. गुरुवारी एमआयडीसी बंद असते, म्हणून लेथचं काम शनिवारवर ढकललं होतं. माझ्या जुन्या पाळीतल्या सोबत्याचा तिथे गाळा आहे. लेथ, ड्रिल आणि कोपऱ्यात विठोबाचा फोटो.

“या फिटर! आज कुणाच्या खेळण्याला दागिने?”

“दागिने काढलेत. आता पायात वाळे घालायचेत.”

पुढच्या चाकांच्या रिमच्या आत बसतील अशा दोन पितळी रिंगा हव्या होत्या: बाहेरचा व्यास ४०, आतलं भोक २२, जाडी ८ मिलिमीटर. पितळच का, तर ते घन सेंटिमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७. शिवाय पितळ लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. त्याने सळई चकमध्ये धरली, फेसिंग केलं, बोअर मारला. सोनेरी कीस उडून त्याच्या मनगटावर चिकटला. दोन्ही रिंगा काट्यावर ६०-६० ग्रॅम.

असे तयार भाग परदेशातून येतात, पण महाग पडतात. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. तेव्हापासून लोक ‘इथेच बनवता येईल का’ असं विचारायला लागले आणि माझ्यासारख्यांची चूल पेटली.

वजन ॲक्सलवर ठेवायची युक्ती काही माझी नाही. तामियाने १९८७ साली क्लॉड बस्टर नावाचा मॉन्स्टर ट्रक काढला. त्याच्या दोन्ही ॲक्सलांवर एकेक मोटर बसवलेली होती. पुढे हौशी लोकांनी त्याचे ॲक्सल काढून दगडांवर चढणाऱ्या गाड्या बांधल्या, कारण जड मोटरा आयत्याच तळाशी होत्या. मी तेच काम पितळाकडून करून घेतो.

दुपारी १.३०

पिठलं-भाकरी खाऊन रिंगा बसवल्या. स्टिअरिंगच्या नकल्सही पितळी घातल्या. त्या मुलाने आधीच मागवून खोक्यात ठेवल्या होत्या, ६२-६२ ग्रॅमच्या. चाकं सरळ ठेवून फिरवली, झकास. रिमोटचं चाक पूर्ण डावीकडे वळवलं आणि आवाज आला: कर्रर्र.

पूर्ण वळणावर टाय-रॉडचं टोक रिंगेच्या कडेला घासत होतं. दिवा जवळ घेतला. पितळावर चंद्रकोरीसारखी बारीक चमकदार रेघ उमटलेली. मी माप घेतलं होतं ते चाक सरळ असताना. एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की भाग हलतो कुठवर ते बघून माप घ्या, आणि स्वतः मात्र उभ्या गाडीचं माप घेतलं. सौ. समोर होती म्हणून तोंडातली शिवी गिळली.

टेबलावर कानसत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती आणि जाडी सगळीकडे सारखी आली नसती. स्कूटर काढली. गाळ्यावर सोबत्याने रिंग बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता चकमध्ये धरली. त्याचं न बोलणं जास्त लागलं. दीड मिलिमीटर काढला. रिंगा ४८ ग्रॅमवर आल्या. लेथवर पाच मिनिटं, जाण्यायेण्यात सव्वा तास.

३.३०

आता दुसरी तक्रार, ‘एकदम बंद पडते’. गाडी टेबलावर ठेवली, पुढचं चाक हाताने घट्ट धरलं आणि स्टिअरिंग फिरवलं. रिसीव्हरचा दिवा विझून पुन्हा लागला. निदान झालं.

मुलाने स्टिअरिंगला ३५ किलोचा दणकट सर्वो लावला होता. पण त्याला वीज मिळत होती स्पीड कंट्रोलरमधल्या लहानशा पुरवठ्यातून, सहा व्होल्ट, तीन अँपिअर. चाक दगडात अडकलं की सर्वो अंगातली सगळी ताकद लावतो आणि रिसीव्हरच्या वाटणीची वीजही ओढून घेतो. उपाशी रिसीव्हर बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येईपर्यंत गाडी घरंगळलेली असते. त्याला वाटलं बॅटरी कमजोर आहे, म्हणून त्याने तीन घेतल्या.

वेगळा दहा अँपिअरचा पुरवठा, ज्याला बीईसी म्हणतात, बॅटरीवरून थेट सर्वोला दिला, ७.४ व्होल्टवर. सर्वोच्या प्लगमधली लाल तार काढून वेगळी केली. रिसीव्हरकडे फक्त संदेशाची आणि काळी तार राहिली. जोडावर हीटश्रिंक. पुन्हा चाक धरून स्टिअरिंग फिरवलं. दिवा ढळला नाही, माझा अंगठा मात्र चेमटला.

चार वाजता मुलगा आला. बोडका टप बघून त्याचा चेहरा उतरला.

“काका, कॅरिअर?”

“पिशवीत आहे. आधी हे बघ.”

काट्यांवर गाडी ठेवली. पुढे १७२०, मागे १३१०. पुढे ५७ टक्के. फळी उचलली: ५८ अंश. वहीतला सकाळचा आकडा दाखवला. दहा अंश मिळाले आणि मोटर तीच. तो काही बोलला नाही, पण त्याने वहीच्या पानाचा फोटो काढला.

५.००

घोरावडेश्वरचा डोंगर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. पायथ्याला, पायऱ्यांपासून बाजूला, कातळाचे ठोकळे सुटे पडलेले आहेत. सह्याद्रीचा हा काळा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाळ्यात शेवाळाने साबणासारखा, डिसेंबरात कोरडा आणि खरखरीत. रबराला असा दगड मिळणं म्हणजे भाग्य.

मुलाने रिमोट घेतला. एक उतरता ठोकळा होता, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन रविवार त्याच्यावरून गाडी मागे कोसळली होती. त्याने सवयीने ट्रिगर दाबला. गाडीने उडी घेतली, चाकं जागच्या जागी फिरली, घसरून खाली. उलटली नाही, चढलीही नाही.

“हळू. मोटरचा आवाज ऐकू आला तरी जास्त झालं समज.”

दुसऱ्या वेळी त्याने ट्रिगरवर बोट पिसासारखं ठेवलं. पुढचं डावं चाक कडेला टेकलं. टायर दबला, त्याच्या नक्षीने दगडाचा एकेक खडबडीत कण पकडला. क्षणभर गाडी थांबली, आता गेली असं वाटलं, मग नाक खाली दाबून वर सरकली. मागची चाकं निमूट मागोमाग आली. ठोकळ्यावर उभी राहिली तेव्हा मुलगा ओरडला नाही. त्याने रोखून धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

सूर्य सहाच्या सुमारास मावळला. तोवर गाडी तो ठोकळा अकरा वेळा चढली, दोनदा पडली. दोन्ही वेळा घाई नडली.

रात्री ९.००

जाताना मुलगा मजुरी देऊन दारात घुटमळला होता.

“काका, चढते मस्त. पण कॅरिअरशिवाय गाडी ओकीबोकी वाटते हो.”

मला हसू आलं, पण त्याचंही खोटं नव्हतं. नुसतं चढायचंच असतं तर त्याने जीपची बॉडी कशाला घेतली असती? नाकापेक्षा मोती जड झाला म्हणून कुणी नथ घालायची सोडत नाही. नाकाला पेलेल असा मोती शोधायचा.

जेवणं झाल्यावर देवघरातून विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या गोळा केल्या. सरळ, बांबूच्या, रंगवल्या तर लोखंडी सळईसारख्या दिसतील. सहा काड्या आडव्या, चार उभ्या, सांध्यावर फेविक्विक. जेरीकॅन पुठ्ठ्याचे, आतून पोकळ. एका काडीचं वजन बघावं म्हणून काटा पुन्हा मागितला. सौ. उद्याच्या लाडवांसाठी बेसन मोजत होती. तिने भांडं उचलून जागा करून दिली.

काडी ठेवली. आकडा शून्यावरून हलला नाही.