टिचकी मारून पत्रा कळत नाही

तळेगाव सोडून नवलाख उंबऱ्याकडे वळलं की एमआयडीसीची कंपाउंडं सुरू होतात. जनरल मोटर्सने 2008 मध्ये या पट्ट्यात सुरू केलेला मोटारींचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे, आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या तर आजूबाजूला कितीतरी. साहजिकच इथल्या टपरीवर पत्र्याचे जाणकार रोज भेटतात. बॉनेटवर टिचकी मारायची आणि निकाल द्यायचा: ‘जुन्या गाड्यांचा पत्रा तो पत्रा, आताचे नुसते डबे!’

हा सगळ्यात चिवट गैरसमज. टिचकीला लागतो तो बाहेरचा पत्रा. तो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा आणि मुद्दाम नरम ठेवलेला असतो, नाहीतर प्रेसमध्ये त्याला ती वळणं देताच येणार नाहीत. धडकेचा भार घेतात आतले खांब, तुळया आणि दाराखालचे सिल. बऱ्याच नव्या गाड्यांत दोन दारांमधल्या खांबाला बोरॉनयुक्त पोलाद वापरतात. ते सुमारे 900 अंशांवर तापवून साच्यातच दाबतात आणि तिथेच झटकन थंड करतात. त्याची ताकद 1500 मेगापास्कलच्या घरात जाते. साधं नरम पोलाद 300च्या आसपास असतं. टिचकीचा हात या खांबापर्यंत पोचतच नाही.

दुसरा समज असा की कुठलीही वस्तू झटक्याने ओढली की लवकर तुटते. बंपरच्या प्लास्टिकपुरतं हे बरंचसं खरं आहे. ते वेगाने ओढलं तर ताठरतं आणि कमी ताणूनच तुटतं. नरम पोलादाचं मात्र उलट. ते झटक्याला जास्त प्रतिकार करतं. धातू वाकतो किंवा लांबतो तेव्हा आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. या सरकण्याला उष्णतेच्या कंपनांची मदत होते. वेळच मिळाला नाही तर ती मदत कमी पडते, आणि तेच काम करायला जास्त जोर लागतो. गणितासाठी इंजिनिअर नेहमी धरतात ते आकडे असे: लांबी सेकंदाला मूळच्या सुमारे 40 पट या दराने वाढत असेल, तर नरम पोलाद कायमचं लांबू लागायला लागणारा ताण जवळजवळ दुप्पट होतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर हा परिणाम फार कमी, आणि अतिकणखर पोलादांत वाढ प्रमाणाने थोडीच. म्हणून एका धातूचा अनुभव दुसऱ्याला लावून चालत नाही.

वर सांगितलेली ‘सेकंदाला इतके पट’ ही भाषा, म्हणजे स्ट्रेन रेट, नीट समजली की तिसरा गैरसमज आपोआप गळतो. लोकांना वाटतं, गाडी ताशी 64 किलोमीटरने आदळली, तर पत्राही त्याच वेगाने ताणून बघायचा. पण महत्त्व नुसत्या वेगाला नसतं, तो किती लांबीवर वाटला जातो याला असतं. वीस मिलिमीटर लांबीचा तुकडा सेकंदाला 10 मीटर वेगाने ओढला की दर होतो सेकंदाला 500 पट. कारखान्यातल्या नेहमीच्या यूटीएमवर, म्हणजे ताण-चाचणीच्या यंत्रावर, तोच तुकडा सावकाश, काही मिनिटं ताणला जातो. धडकेत मात्र घडी पडते त्या जागी दर शेकड्यांत जातो आणि दोन हात पलीकडे पत्र्याला पत्ताही नसतो.

मग यूटीएमचाच वेग वाढवला की झालं? नाही. तुकडा 20 टक्के लांबून तुटतो असं धरा. म्हणजे 4 मिलिमीटर, आणि त्याला लागणारा वेळ 0.4 मिलिसेकंद. पोलादातून तणावाची लाट सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर धावते, म्हणजे मीटरभर लांब यंत्रातून जायलाच तिला 0.2 मिलिसेकंद लागतात. बल मोजणाऱ्या लोड सेलला खबर मिळेपर्यंत निम्मी चाचणी उरकलेली असते, शिवाय यंत्र स्वतः घंटेसारखं थरथरतं आणि आलेखावर कंगोरे उमटतात. त्यावर उपाय म्हणजे यंत्राचा दट्ट्या आधी मोकळा पळवून पूर्ण वेगात आणायचा आणि मगच त्याला तुकडा पकडू द्यायचा. बल मोजायचं ते तुकड्याच्या अगदी जवळ. लांबी मोजायला सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा. याहून वेगवान चाचण्यांना हॉपकिन्सन बार वापरतात. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी 1914 मध्ये मांडलेली ती कल्पना कोल्स्की यांनी 1949 मध्ये आजच्या रूपाला आणली. तिथे लाट ही अडचण राहत नाही, तीच मोजमापाचं साधन होते.

आणखी एक बारकावा: सावकाश ताणताना तयार झालेली उष्णता बाहेर निघून जाते, झटक्यात ती आतच कोंडते. 600 मेगापास्कलचं पोलाद 20 टक्के लांबवलं तर ते क्षणात जवळपास 30 अंशांनी तापतं.

शेवटचा समज शिकलेल्यांचा आहे. गाडी भिंतीवर आपटून बघतातच, मग एवढ्याशा तुकड्यांचे हे लाड कशाला? कारण पहिली गाडी बनण्याआधी ती संगणकात अनेकदा आपटलेली असते. त्या गणिताला धातूचा आलेख लागतो, आणि यूटीएमवरचा संथ आलेख भरला तर उत्तर चुकतं. खांब कितपत आत येईल, घडी कुठे पडेल, सगळंच सरकतं. खऱ्या धडकेने त्या हिशेबाची फक्त पडताळणी होते.

तेव्हा गाडी घेताना पत्रा वाजवू नका. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप हे गाड्यांना धडक-चाचणीवरून तारे देणारं मूल्यांकन सुरू आहे. ते सक्तीचं नाही, त्यामुळे प्रत्येक मॉडेलला गुण मिळालेले नसतात. शोरूममध्ये सरळ विचारा: या मॉडेलला किती तारे मिळालेत, आणि मिळाले नसतील तर चाचणीला दिलंच नाही का?