गृहोपयोगी ऑडिओ रिसीव्हरमधील आउटपुट ट्रान्झिस्टरांची दुरुस्ती : कारणमीमांसा व कार्यपद्धती

प्रस्तावना :
घरगुती ऑडिओ रिसीव्हरमध्ये सर्वाधिक ताण सहन करणारा घटक म्हणजे त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर होत. जळालेली जोडी काढून नवी बसविणे हे वरकरणी केवळ सोल्डरिंगचे काम वाटते. प्रत्यक्षात मात्र नवी जोडीही वीजपुरवठा सुरू करताच जळाल्याचा अनुभव दुरुस्ती करणाऱ्यांना वारंवार येतो. या दुसऱ्या हानीची कारणे व ती टाळण्याचा मार्ग यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बिघाडाची मीमांसा :
एबी वर्गाच्या वर्धकात एनपीएन व पीएनपी ट्रान्झिस्टरांची परस्परपूरक जोडी धन व ऋण पुरवठ्यांच्या दरम्यान कार्य करते. पुरवठा धन-ऋण ४५ व्होल्ट व स्पीकर ८ ओहमचा असल्यास जोडीत उष्णतेच्या रूपाने व्यय होणारी शक्ती कमाल सुमारे ५१ वॅट, म्हणजे प्रत्येकी साधारण २५ वॅट असते. विशेष असे की, ही कमाल स्थिती पूर्ण आवाजात येत नाही. आउटपुटचा विद्युतदाब पूर्ण मर्यादेच्या सुमारे ६४ टक्के असताना ती येते. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो आणि हा व्यय दुप्पट होतो. २एससी५२०० या प्रचलित ट्रान्झिस्टरची क्षमता १५० वॅट असली, तरी ती कवचाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाची आहे; १०० अंशाला ती ६० वॅटच उरते. प्रत्यक्ष स्पीकर हा शुद्ध रोध नसल्याने क्षणिक ताण याहूनही अधिक असतो. धुळीने बुजलेला हीट सिंक किंवा परस्परांना चिकटलेल्या स्पीकरच्या तारा उरलेले काम पूर्ण करतात.

ट्रान्झिस्टर बहुधा कलेक्टर ते एमिटर शॉर्ट होऊन निकामी होतो. अशा वेळी ४५ व्होल्टचा एकदिश दाब थेट स्पीकरवर आला, तर ६ ओहम रोधाच्या व्हॉइस कॉइलमध्ये ३०० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल. हे टाळण्यासाठीच संरक्षक रिले असतो. तो न लागणे हा बिघाड नसून बिघाडाची सूचना होय. त्यास बगल देण्याचा मोह महागात पडतो.

शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर एकटा जात नाही. त्याच्या बेसमार्गे ड्रायव्हर ट्रान्झिस्टरला धक्का बसतो, एमिटरचे ०.२२ ओहमसारखे अल्प रोध उघडे पडतात, कधी बायस ट्रान्झिस्टरही जातो. बायस ट्रान्झिस्टर उघडा राहिल्यास आउटपुटची दोन्ही अंगे एकाच वेळी पूर्ण वाहक होतात. नवी जोडी जळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून हे सर्व घटक पट्टीवरून सुटे करून तपासणे इष्ट. साध्या ट्रान्झिस्टरच्या संधींवर मल्टिमीटरच्या डायोड मापनात एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसावेत. कलेक्टर-एमिटर कोणत्याही दिशेने वाहक नसावेत. स्टीरिओ यंत्रात दुसरी वाहिनी सहसा शाबूत असते. बिंदूबिंदूला तिच्याशी केलेली तुलना कित्येकदा सर्किटच्या नकाशाइतकीच उपयुक्त ठरते.

निवड व जोडणी :
पर्यायी ट्रान्झिस्टर निवडताना दाब, प्रवाह व शक्ती यांबरोबर वारंवारता-मर्यादाही पाहावी. जुन्या २एन३०५५च्या जागी ३० मेगाहर्ट्झचा २एससी५२०० बसविल्यास सर्किट आंदोलित होण्याचा संभव असतो. बाजारात बनावट मालही असतो. त्यातील सिलिकॉनची चकती लहान असते व ती थोड्याच भारात जळते. शिक्का पाहून खात्री होत नाही, त्यामुळे अधिकृत विक्रेता हाच भरवशाचा आधार. जोडी नेहमी पूर्ण बदलावी. कलेक्टर धातूच्या पाठीशी जोडलेला असल्याने अभ्रकाची चकती व दोन्ही बाजूंस हीट सिंक पेस्टचा पातळ थर आवश्यक आहे. स्क्रू आवळल्यावर कलेक्टर व हीट सिंक यांत संपर्क नसल्याची मीटरने खात्री करावी.

प्रथम प्रवाह :
काम हाती घेण्यापूर्वी फिल्टर कपॅसिटर रोधाद्वारे रिकामे करणे अनिवार्य आहे. प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक ऊर्जा टिकून राहू शकते. पहिला पुरवठा ६० किंवा १०० वॅटच्या तंतू-दिव्याच्या सिरीजमधून, स्पीकर न जोडता व बायसचा प्रीसेट किमान स्थितीत ठेवून द्यावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तेजस्वीच राहिला तर पुरवठा त्वरित बंद करावा. येथे एलईडी दिवा निरुपयोगी आहे, कारण तापल्यावर वाढणारा तंतूचा रोध हेच या युक्तीचे मर्म आहे. त्यानंतर आउटपुटवरील एकदिश दाब मोजावा. तो काही दशक मिलिव्होल्टहून अधिक नसावा. मग दिवा काढून बायस उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलनुसार लावावा. ०.२२ ओहमच्या रोधावर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर प्रवाह होय. यंत्र पंधरा-वीस मिनिटे तापल्यावर हे मापन पुन्हा करावे. तापमान दर अंशाने वाढले की बेस-एमिटर दाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, म्हणून बायस ट्रान्झिस्टर हीट सिंकला घट्ट चिकटलेला असावा लागतो. दुरुस्तीत तो सुटा राहिला, तर उष्णतेने प्रवाह व प्रवाहाने उष्णता वाढत जाऊन नवी जोडी काही मिनिटांतच जळू शकते.