बाळ बसू लागते तेव्हा

शेजारचे मूल पाचव्या महिन्यात बसते आणि आपले सहावा संपत आला तरी बसत नाही, एवढ्यावरून अनेक घरांत आईला बोल लावला जातो. मग बाळाला लोडाशी टेकवून, भोवती उशा खोचून बसविण्याची घाई होते. ही घाई अनाठायी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील मुलांच्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय बसण्याचा काळ सुमारे ३.८ ते ९.२ महिने असा आढळला. इतके अंतर स्वाभाविकच होय.

शरीरावरील ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत येतो. आधी मान सावरते, मग पाठ आणि शेवटी कंबर. म्हणून बसण्याची खरी तयारी पालथे असतानाच होते. बाळ जागे असताना सतरंजीवर त्याला पालथे ठेवावे व कोणीतरी समोर बसावे. प्रारंभी एकदोन मिनिटे पुरेत. खुळखुळा किंचित दूर धरला की ते मान उचलते, हातांवर भार घेते. झोपविताना मात्र उताणेच ठेवावे.

पुढे ते दोन्ही तळवे समोर टेकून तिवईसारखे बसू लागते. या वेळी आपले पाय पसरून त्यांच्यामध्ये त्याला बसवावे. ते कलंडेल, कलंडतानाच ते हात टेकून स्वतःला सावरण्यास शिकते. हा खेळ जमिनीवरच व्हावा, पलंगावर कधीही नव्हे.

परंतु धीर धरणे वेगळे आणि दुर्लक्ष करणे वेगळे. ‘बसेल हळूहळू’ या समाधानात मोलाचे महिने निघून जातात. चार महिने उलटूनही मान न धरणारे, अंग ताठ वा अगदी सैल असणारे, एकच हात वापरणारे किंवा नऊ महिने पूर्ण होऊनही न बसणारे मूल डॉक्टरांना दाखवावेच. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून ते दोन महिने वजा करावेत.

२०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुलांची विनामूल्य तपासणी करतात व गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. पथकाची फेरी दूर असल्यास आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तत्काळ सांगावे. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर असावे.