पेढीवाल्याचा ग्रंथखजिना

न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूजवळ, उंच इमारतींच्या गर्दीत, संगमरवराची एक बैठी वास्तू आहे. आज तिकीट काढून कोणीही तिच्यात जाऊ शकतो. पण १९०६ साली ती बांधून पूर्ण झाली, तेव्हा ती एकाच माणसाची होती. अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य पेढीचे मालक जॉन पियरपॉन्ट मॉर्गन यांनी आपले ग्रंथ ठेवण्यासाठी राहत्या घराशेजारी ती बांधून घेतली होती. वास्तुविशारद चार्ल्स मॅकिम यांनी चिरे इतके काटेकोर घडवून घेतले, की सांध्यांत जवळजवळ चुना लागलाच नाही.

१९०७ साली अमेरिकेत पेढ्या कोसळू लागल्या. मॉर्गन यांनी बड्या वित्तसंस्थांच्या प्रमुखांना येथेच बोलावले, दाराला कुलूप लावले आणि मदतीचे वचन मिळेपर्यंत कोणालाही बाहेर सोडले नाही!

सोन्याची बांधणी, घरातली चित्रे

या कुलपाआड होते तरी काय? युरोपात छपाई सुरू होण्यापूर्वी ग्रंथ हाताने लिहीत. कागदाऐवजी जनावरांचे कमावलेले कातडे वापरीत आणि चित्रांवर सोन्याचा वर्ख चढवीत. एकेक ग्रंथ तयार व्हायला महिने, कधी वर्षे लागत. अशी मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या प्रबोधनकाळातली १,१०० हून अधिक हस्तलिखिते आज या संग्रहात आहेत.

१८९९ साली मॉर्गन यांनी घेतलेला ‘लिंडाउ गॉस्पेल्स’ हा ग्रंथ संग्रहातील पहिल्या क्रमांकाचा. नवव्या शतकातल्या त्याच्या सोन्याच्या मुखपृष्ठावर रत्ने जडवलेली आहेत.

१४४० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये तयार झालेली कॅथरीन ऑफ क्लेव्ह्ज या सरदारपत्नीची प्रार्थनापोथी मात्र घरगुती वाटते. तिच्या एका चित्रात मेरी मागावर विणते आहे, जोसेफ लाकूड तासतो आहे आणि बाळ येशू चक्क पांगुळगाड्यात उभा आहे! एकोणिसाव्या शतकात या पोथीची पाने वेगळी करून तिचे दोन ग्रंथ केले गेले. दोन्ही भाग या संग्रहात पुन्हा एकत्र आले ते १९७० साली.

तिसरा ग्रंथ तर जगभर फिरलेला. १२४० च्या दशकात फ्रान्समध्ये रंगवलेल्या या ‘क्रुसेडर बायबल’मध्ये मुळात चित्रेच होती, मजकूर नव्हता. पुढे कोणी कडेला लॅटिन ओळी लिहिल्या. सतराव्या शतकाच्या आरंभी पोलंडच्या एका कार्डिनलने तो इराणच्या शाह अब्बास यांना भेट पाठवला. तेथे त्यावर फारसी टिपा चढल्या. नंतर एका ज्यू वाचकाने हिब्रू लिपीत फारसी लिहिली. मालक बदलत गेले, आणि वाचणारा प्रत्येक जण त्यात आपल्या भाषेची भर घालत गेला.

कुलूप उघडणारी ग्रंथपाल

१९१६ साली, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, हा ग्रंथ मॉर्गन-संग्रहात आणला तो बेल दा कोस्टा ग्रीन यांनी. १९०५ साली त्या मॉर्गन यांच्या ग्रंथपाल झाल्या. पुरुषांनी भरलेल्या ग्रंथबाजारात ही तरुणी लिलावात बोली लावी, आणि मुरलेले व्यापारी तिच्या पारखीपुढे वचकून असत.

पण त्यांनी स्वतःचे एक पान कायम झाकून ठेवले होते. त्यांचे वडील रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. ज्या काळात कृष्णवर्णीयांना बहुतेक दारे बंद होती, त्या काळात आईवडील वेगळे झाल्यावर आईने आडनावातला ‘र’ गाळला. बेल यांनी ‘दा कोस्टा’ हे नाव जोडून आपले पूर्वज पोर्तुगीज असल्याचे सांगितले. गोऱ्या म्हणून वावरल्या नसत्या, तर हे पद त्यांना मिळणे जवळजवळ अशक्यच होते.

१९१३ साली मॉर्गन वारले. त्यांच्या मुलाने १९२४ साली ग्रंथालय विश्वस्तांच्या हाती सोपवून सार्वजनिक केले आणि बेल ग्रीन त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. १९४८ पर्यंत त्यांनी तो भार वाहिला. एका धनिकाचा खजिना अभ्यासकांसाठी आणि सामान्यांसाठी खुला करण्यात त्यांचा वाटा मोठा.

इतरांची पाने आयुष्यभर जपणाऱ्या या बाईंनी १९५० साली झालेल्या मृत्यूपूर्वी स्वतःची खासगी कागदपत्रे मात्र जाळून टाकली. त्यांच्या जन्माचे सत्य १९९९ साली मॉर्गन यांच्या चरित्रातून उजेडात आले. २००६ साली वास्तूचा विस्तार झाला आणि ‘मॉर्गन लायब्ररी अँड म्युझियम’ हे नाव रूढ झाले. सार्वजनिक होण्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२४ साली, याच वास्तूत बेल ग्रीन यांच्या जीवनावर प्रदर्शन भरले. जे पान त्यांना जन्मभर झाकावे लागले, ते त्यांच्याच ग्रंथालयात सर्वांपुढे मांडले गेले, आणि तेही अभिमानाने.