ब्रोमाइडचा सैल हात

मिठावर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतलं, की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो रंगहीन असतो, दमट हवेत धुरकटतो, बस्स. मिठाऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड घेतलं, की भांड्यात तांबूस-तपकिरी वाफा दाटतात! हायड्रोजन ब्रोमाइड तयार होतो खरा, पण सल्फ्युरिक आम्ल लगेच त्यातल्या ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतं आणि ब्रोमीन मोकळं होतं. म्हणून शुद्ध वायूसाठी फॉस्फोरिक आम्ल वापरतात. ते ओरबाडत नाही.

हा वायू पाण्यात विरघळला की हायड्रोब्रोमिक आम्ल. हायड्रोक्लोरिकपेक्षाही जहाल. पण खरी गंमत त्या इलेक्ट्रॉनची आहे. क्लोराइड तो घट्ट धरतो, आयोडाइड सहज सोडतो, ब्रोमाइड मधला.

या मधलेपणावर दीडेकशे वर्षांचं छायाचित्रण उभं राहिलं. सिल्व्हर ब्रोमाइडच्या फिकट पिवळसर कणावर निळा प्रकाश पडला, की ब्रोमाइडचा एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीच्या आयनाला मिळतो. आयनाचा अणू होतो. असे जेमतेम चार अणू एकत्र जमले तरी पुरे! डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण डेव्हलपरला तेवढी खूण पटते आणि अब्जावधी आयनांचा तो अख्खा कण काळ्या चांदीत बदलतो. न बदललेलं ब्रोमाइड मग हायपो नावाच्या द्रावणात विरघळून जातं. साध्या सिल्व्हर ब्रोमाइडला लाल प्रकाश जाणवतच नाही. डार्करूममधल्या लाल दिव्याचं रहस्य ते हेच.

सेंद्रिय रसायनात हायड्रोजन ब्रोमाइड वायूने तर जाणत्यांनाही चकवलं. दुहेरी बंध असलेल्या अलिल ब्रोमाइडशी जोडला की कधी १,२-डायब्रोमोप्रोपेन मिळे, कधी १,३. अभिक्रिया एकच, उत्तरं दोन! १९३३ मध्ये शिकागोत खराश आणि मेयो या रसायनशास्त्रज्ञांनी गुन्हेगार पकडला : हवेतल्या ऑक्सिजनमुळे द्रवात तयार झालेली पेरॉक्साइडं. त्यांच्यामुळे ब्रोमीनचे सुटे अणू तयार होतात, हायड्रोजनच्या आधी जाऊन चिकटतात आणि जागा बदलते. मला सर्वांत आवडतं ते पुढचं. हायड्रोजन क्लोराइडमधला हायड्रोजन इतका घट्ट बांधलेला, की अभिक्रियांची साखळी पुढे सरकत नाही. आयोडीनचा अणू इतका मंद, की दुहेरी बंधाला नीट चिकटत नाही. ही उलटी चाल जमते ती एकट्या हायड्रोजन ब्रोमाइडला.