संगणकाचा एसएसडी केव्हां बदलावा?

नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. आज सातपुड्याच्या पाड्यांवरून दाखल्यासाठीं खालीं उतरलेल्या माणसाचा दिवस सेवाकेंद्रांतील संगणक वेळेवर सुरू होण्यावर अवलंबून असतो. तो संगणक रेंगाळूं लागला, कीं चालकाच्या मनांत प्रथम विचार येतो तो अधिक वेगवान एसएसडी घेण्याचा.

फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला हवी ती नोंद गांठण्यास सुमारें १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्यें कांहींच फिरत नसल्यानें तेंच काम मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास होतें. म्हणून हार्डडिस्क काढून एसएसडी बसविला, कीं फरक डोळ्यांत भरतो. एसएसडी काढून दुसरा एसएसडी बसविल्यास तितका भरत नाहीं. साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारें ५५० मेगाबाइट, एनव्हीएमईचा ३,५०० किंवा त्याहूनही अधिक. परंतु हे आंकडे मोठी फाइल सलग वाचण्याचे होत. दुकानदार तेच ठळक अक्षरांत लिहितात, यांत नवल नाहीं. संगणक सुरू होतांना मात्र विखुरलेले हजारों बारीक तुकडे वाचावे लागतात, आणि मधला बराच वेळ प्रोसेसर खातो. सहापट वेगाचें साधन घेऊन बहुधा कांहीं सेकंदच वांचतात.

१२० गिगाबाइटचा एसएसडी कांठोकांठ भरला असेल, तर गोष्ट निराळी. त्यांत नवें लिहिण्यापूर्वीं जुनी जागा पुसून घ्यावी लागते. मोकळी जागा संपत आली, कीं तो मंदावतो. शिवाय लिहून लिहून त्याच्या पेशी झिजतात. त्याचा आरोग्यदर्शक आंकडा घसरला असेल, तर आधीं सर्व कागदपत्रांची नक्कल काढावी व मग लगेच नवा घ्यावा. कारण एसएसडी पुष्कळदां पूर्वसूचना न देतांच बंद पडतो. यांपैकीं कांहींच नसून रॅम ४ गिगाबाइटच असेल, तर तेच पैसे रॅम वाढविण्यावर खर्चावे.