नेमकेपणा आणि अचूकपणा
लांब पल्ल्याच्या नव्या रायफलीची चांदमारीवर परीक्षा घेताना दोन गुण वेगळे पाहावे लागतात. इंग्लंडातील बिसली येथे १००० यार्डांवरूनही नेमबाजी चालते. एवढ्या पल्ल्यावर एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक लक्ष्यावर सुमारे १०.५ इंच होतो. गोळ्या एकत्र, परंतु मध्यापासून दूर पडल्या, तर माशीची जुळणी पुरते. त्या विखुरल्या, तर दोष नळीत, काडतुसांत, वाऱ्यात किंवा नेमबाजात शोधावा लागतो. संस्कृत ‘नियम’पासून आलेल्या ‘नेम’ शब्दात नियमितपणा आणि रोख हे दोन्ही अर्थ नांदतात. म्हणून परिभाषेत गोळ्यांच्या एकत्र पडण्यास ‘नेमकेपणा’ व मध्य साधण्यास ‘अचूकपणा’ म्हणावे. दोहोंस एकच शब्द योजल्यास निर्दोष रायफलही सदोष ठरेल.